खाणीचे गाव आणि भारताची सही

आर्क्टिकमधला भारताचा हक्क १९२० चा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? त्या वर्षी पॅरिसमध्ये स्वालबार्ड करारावर ब्रिटिश साम्राज्याने भारताच्या वतीनेही सही केली. बेटे नॉर्वेची, पण सही करणाऱ्या सर्वांना खाणकाम आणि मासेमारीची समान मुभा.

तिथले न्यू-ओलेसुंड हे कोळशाच्या खाणीचे गाव. १९६२ मध्ये स्फोटात २१ कामगार दगावले, खाण बंद झाली. पुढे त्याच वसाहतीत संशोधक राहू लागले.

आपण मात्र फार उशिरा, २००७ मध्ये तिथे पोहोचलो. २००८ मध्ये ‘हिमाद्री’ केंद्र उघडले. कारभार गोव्यातील वास्कोहून चालतो. आर्क्टिकच्या हवामानाचा आपल्या मान्सूनशी असलेला संबंध शोधणे, हा त्यामागचा मुख्य हेतू. आमच्या अधारतालच्या कृषी विद्यापीठातली खरिपाची शेते त्याच मान्सूनवर पिकतात.