वर्ज्य आहारानंतर कोणता पदार्थ पुन्हा सुरू करावा?

चेन्नईतील एग्मोर येथे हॉल्स रोडवर सरकारी बाल आरोग्य संस्था व बाल रुग्णालय आहे. डॉ. एस. टी. आचार यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये सुरू झालेली ही संस्था मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून तेथे बालकांच्या पचनविकारांसाठी स्वतंत्र विभाग आहे. अशा विभागांत येणाऱ्या पालकांपुढे एक प्रश्न हमखास असतो. दूध, गहू किंवा अंडी बंद केल्यावर मुलाचा त्रास थांबला. आता यांपैकी काय पुन्हा द्यायचे, आणि केव्हा?

संशयित पदार्थ काही काळ पूर्णपणे बंद करून लक्षणे कमी होतात का, हे पाहण्याच्या पद्धतीला वर्ज्य आहार म्हणतात. अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट रो यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. सामान्यतः दोन ते चार, फार तर सहा आठवडे इतकीच तिची मुदत असते. ही मूलतः परीक्षा आहे, उपचार नव्हे. पदार्थ पुन्हा देऊन त्रास परत होतो का, हे पाहिल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. प्रत्यक्षात मात्र पहिला टप्पा पार पडतो आणि दुसरा राहून जातो. त्यामुळे मुलाचे वजन खुंटते, कॅल्शियम व प्रथिने कमी पडतात. इसब असलेल्या काही मुलांमध्ये तर एखादा पदार्थ दीर्घकाळ बंद ठेवल्यामुळेच त्याची सहनशीलता नाहीशी होऊन पुढे तीव्र प्रतिक्रिया उमटल्याचे आढळले आहे.

काही प्रसंगी घरी प्रयोग करणे धोक्याचे ठरते. पदार्थ खाताच अंगावर गांधी उठणे, ओठ वा जीभ सुजणे, श्वास लागणे असा पूर्वानुभव असेल तर पुनर्परीक्षा रुग्णालयातच, ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवून केली जाते. तान्ह्या मुलांमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. पदार्थ दिल्यानंतर एक ते चार तासांनी मूल वारंवार उलट्या करते व निस्तेज होते. या विकाराला तांदूळही कारणीभूत असू शकतो. जेथे बाळाचे पहिले अन्न बहुधा तांदळाची पेज असते, तेथे ही गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

सीलिअॅक रोगाचे निदान पक्के झाले असेल तर गव्हाच्या बाबतीत हा प्रश्नच उरत नाही. गहू, जव व राय आजन्म वर्ज्य राहतात. हरियाणा, आसाम व वेल्लोर येथील प्रौढांची तुलना करणारा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या रोगाची प्रतिद्रव्ये उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. दक्षिणेत गव्हाचे सेवनही पुष्कळ कमी होते. मात्र इडली, सांबार व भात खाणाऱ्या घरातही गहू येतो, तो हिंगातून. बाजारातील बांधणी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. तपासणीपूर्वीच गहू सोडलेला असेल तर रक्तचाचणी फसवी ठरू शकते. अशा वेळी वैद्यकीय सल्ल्याने किमान सहा आठवडे गहू पुन्हा खाऊन चाचणी करावी लागते.

दुधाविषयी सर्वाधिक गोंधळ आढळतो. गाईच्या दुधातील प्रथिनांची अॅलर्जी असलेल्या बाळाला म्हशीचे किंवा शेळीचे दूध देणे हा उपाय नव्हे, कारण या दुधांतील प्रथिने परस्परांशी मिळतीजुळती असतात. निदान पक्के झाल्यावर दूध किमान सहा महिने किंवा बाळ नऊ ते बारा महिन्यांचे होईपर्यंत बंद ठेवून नंतर पुन्हा पारखले जाते. सौम्य विकारात सुरुवात पिठात मिसळून भट्टीत भाजलेल्या दुधापासून, म्हणजे बिस्किट वा केकपासून होते. उकळलेले दूध किंवा खीर याला पर्याय नाही, कारण पिठासह दीर्घकाळ भाजल्याने प्रथिनांत जो बदल होतो तो उकळण्याने तितका होत नाही. दुग्धशर्करा न पचणे हा निराळा विकार आहे. त्यात दही व ताक अनेकांना चालते. अॅलर्जीत ते चालत नाही.

प्रौढांच्या आतड्याच्या संवेदनशीलतेसाठी ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात विकसित झालेला लो-फॉडमॅप आहार आता भारतातही सुचवला जातो. त्यात पदार्थ गटागटाने परत आणले जातात: दूध, मध किंवा आंबा, कडधान्ये, गहू, कांदा, लसूण. एक पदार्थ तीन दिवस वाढत्या प्रमाणात घेतला जातो, आणि तो सोसला तरी सर्व परीक्षा संपेपर्यंत नित्याच्या जेवणात घेतला जात नाही. कांदा व लसूण यांची परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी. त्यांतील त्रासदायक शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात तळून काढून टाकल्यास ती फोडणी बहुधा बाधत नाही. आमटीत शिजलेल्या लसणाचे तसे नाही. कडधान्ये भिजवून, शिजवून वरचे पाणी टाकल्यास तीही अधिक सोसतात.

मग आधी कशाची निवड करावी? ज्याच्यावर संशय सर्वांत कमी आणि ज्याच्या अभावी आहार सर्वाधिक दुबळा होतो, तो पदार्थ प्रथम घेणे शहाणपणाचे. शाकाहारी घरात तो मान बहुधा डाळीचा असतो. सर्वाधिक संशयित पदार्थ शेवटी ठेवावा. ताप, प्रवास, प्रतिजैविकांचा कोर्स किंवा सणाचे जेवण यांच्या दिवसांत नवी परीक्षा सुरू करू नये. पदार्थ, प्रमाण, वेळ व लक्षणे यांची नोंद वहीत ठेवावी. वेष्टनातील खाद्यपदार्थांवर दूध, अंडी, ग्लुटेनयुक्त धान्ये, सोयाबीन, शेंगदाणे इत्यादींचा उल्लेख करणे २०२० च्या लेबल नियमांनुसार बंधनकारक आहे. सुट्या फरसाणाला व उपाहारगृहातील ताटाला मात्र असे लेबल नसते. तेथे विचारूनच घ्यावे लागते.

एखादा पदार्थ या वेळी सोसला नाही तरी तो कायमचा वर्ज्य ठरत नाही. दूध व अंडी यांची पुनर्परीक्षा मुलांमध्ये सहा ते बारा महिन्यांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली केली जाते.