सहीमागची सही

काही दिवसांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. नवऱ्याची नोकरी नेदरलँड्समध्ये, म्हणून तीही तिकडे निघालेली. हातात कागदांची जाडजूड पिशवी. तीतला जन्माचा दाखला काढून तिने उलटा केला आणि पाठीवर चिकटवलेला एक चौकोनी कागद मला दाखवला. "सर, ह्याच्या आधीच्या सह्या गोळा करण्यातच दोन महिने गेले. पण हा चौकोन नेमकं काय सिद्ध करतो?" मी इतिहासाचा मास्तर, कायद्याचा नव्हे. तेव्हा उत्तराऐवजी मी तिला गोष्ट सांगितली. तीच वाचकहो, तुम्हालाही सांगतो.

आपल्याकडे 'शिक्कामोर्तब' हा शब्द आहे. आज आपण तो 'पक्कं झालं' एवढ्याच अर्थाने वापरतो. पण मूळची ती दोन निराळी कामे. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा, आणि मजकूर संपला तिथे मोर्तब. 'मर्यादेयं विराजते' ही अक्षरे त्या जागची. येथे पत्राची सीमा झाली. ह्याखाली कोणी एखादी ओळ वाढवली तर ती आमची नव्हे. देशमुख-पाटलांना ही मुद्रा ओळखीची होती, कारण राज्य एक. पण समजा, असा कागद समुद्रापार नेला, तर तिथल्या न्यायाधीशाला लिपीही परकी आणि मुद्राही परकी. कागद शंभर टक्के खरा असला तरी तो खरा आहे, हे त्याच्या ओळखीच्या कोणीतरी सांगायला हवे.

हा 'ओळखीचा कोणीतरी' फ्रान्सने १६८१ मध्येच नेमून टाकला. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर ह्याच्या कारकिर्दीत सागरी व्यवहाराचा एक मोठा कायदा झाला. त्यात असे कलम होते की, ज्या परदेशी ठिकाणी फ्रान्सचा कॉन्सल आहे, तिथे झालेला दस्तऐवज त्या कॉन्सलने प्रमाणित केल्याखेरीज फ्रान्समध्ये विश्वासास पात्र ठरणार नाही. कॉन्सल म्हणजे आपल्या व्यापाऱ्यांचे हित पाहायला परमुलखात ठेवलेला सरकारचा माणूस.

व्यवस्था चांगलीच होती. पण कॉन्सलने तरी कोणाकोणाच्या सह्या ओळखाव्यात? आडगावच्या नोंदणी कारकुनाची सही त्याला कुठून ठाऊक असणार? मग कारकुनाच्या सहीवर त्याच्या वरिष्ठाची सही आली. वरिष्ठाच्या सहीवर खात्याची, खात्याच्या सहीवर परराष्ट्र मंत्रालयाची. ह्या शेवटच्या सहीचा नमुना कॉन्सलपाशी असे, म्हणून तिच्यावर कॉन्सलची सही. इतके होऊन कागद परदेशी पोहोचला की, कॉन्सलची सही खरी कशावरून, असे म्हणून त्यांच्याच मंत्रालयाची आणखी एक! दर पायरीला फी, दर पायरीला खेप. आणि गंमत पाहा, ह्या साऱ्या माळेत मजकूर कोणीच तपासत नाही. जो तो आपल्या आधीच्या माणसाची सही तेवढी पाहतो.

आपल्याकडे इंग्रजांनी १८७२ मध्ये पुराव्याचा कायदा केला, त्यातही हीच सावधगिरी दिसते. परदेशातला सरकारी कागद इथल्या कोर्टात आणायचा, तर मूळ कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने दिलेली नक्कल हवी, तिच्यावर नोटरीचा किंवा कॉन्सलचा शिक्क्यानिशी दाखला हवा, शिवाय त्या देशाच्या कायद्यात त्या कागदाचे स्वरूप काय, तेही सिद्ध करायला हवे. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला; १ जुलै २०२४ रोजी त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली.

दुसऱ्या महायुद्धानंतर माणसे देशोदेशी हलू लागली. कोणाला दुसऱ्या देशात लग्न करायचे, कोणाला वारसा मिळवायचा, कोणाला मूल दत्तक घ्यायचे. सह्यांची माळ आता व्यापाऱ्यांपुरती राहिली नाही, साध्या कुटुंबांच्या गळ्यात आली. तेव्हा युरोप परिषदेने हा प्रश्न हेगच्या परिषदेकडे सोपवला. ही परिषद म्हणजे देशोदेशींच्या खासगी कायद्यांचा मेळ घालणारी संस्था. टोबियास आसर ह्या डच कायदेपंडिताच्या पुढाकाराने १८९३ मध्ये ती प्रथम भरली. पुढे १९११ मध्ये आसरना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९६० च्या तिच्या नवव्या अधिवेशनात वाद झाला तो असा: काहींचे म्हणणे, प्रमाणपत्र वगैरे काही नकोच, कागद आला की खरा माना. दुसरे म्हणत, मूळचा काहीतरी पडताळा हवाच. शेवटी तडजोड निघाली. माळ तोडायची, पण एक मणी ठेवायचा.

तो मणी म्हणजेच माझ्या विद्यार्थिनीच्या दाखल्यामागचा चौकोन. ५ ऑक्टोबर १९६१ च्या करारात त्याचे मापसुद्धा दिले आहे: बाजू निदान नऊ सेंटिमीटर, आत दहा क्रमांकित नोंदी. बाकी मजकूर कोणत्याही भाषेत असो, मथळा फ्रेंचच. नाव 'अपोस्टिल'. जुन्या फ्रेंचमध्ये ह्याचा अर्थ समासात लिहिलेली टीप. करार करणाऱ्यांनी हा शब्द घेतला तो नवखा वाटावा म्हणूनच. जुन्या पद्धतीची त्याला सावली नको होती. प्रत्येक देशाने आपला अधिकारी नेमायचा, त्याने दिलेल्या प्रत्येक चौकोनाची नोंद ठेवायची, आणि खुद्द त्या अधिकाऱ्याच्या सहीला मात्र कोणी पुन्हा प्रमाण मागायचे नाही. सगळी मख्खी इथे आहे. कोठेतरी थांबायचे, एवढेच त्यांनी ठरवले.

आता तिच्या प्रश्नाकडे वळू. हा चौकोन तीन गोष्टी सांगतो: सही खरी आहे, सही करणारा त्या अधिकाराने सही करत होता, आणि शिक्का त्याच कचेरीचा आहे. बस्स. मजकूर खरा आहे असे तो म्हणत नाही. आपल्या खेड्यापाड्यांत एके काळी शाळेत नाव घालताना मास्तरांनी कितीतरी पोरांची जन्मतारीख सरसकट १ जून लावून दिली. ते पोर थंडीत जन्मलेले असले तरी शाळेच्या दाखल्यावर १ जून, आणि त्या दाखल्यावर रीतसर अपोस्टिल! कराराच्या दृष्टीने त्यात तसूभर दोष नाही.

म्हणूनच हा सारा मामला अखेर एका देशाच्या दुसऱ्यावरील भरवशाचा होतो. भारत ह्या करारात २००४ मध्ये आला आणि १४ जुलै २००५ पासून तो आपल्याला लागू झाला. परंतु नव्या सभासदाबद्दल हरकत घेण्याची मुभा करारात आहे. जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स, स्पेन, फिनलंड ह्यांनी भारताबाबत ती घेतली. पुढे बाकीच्यांनी ती मागे घेतली. जर्मनीने घेतली नाही. म्हणजे हाच दाखला नेदरलँड्समध्ये चालतो आणि शेजारच्या जर्मनीत त्याच चौकोनाने काम भागत नाही. आपल्याला हे बोचते, बोचायलाही हवे. पण १ जूनचे ते किस्से आपण घरी हसत हसत सांगतो, हेही खरेच ना?

गोव्याचा प्रकार आणखी निराळा. करार झाल्यावर अडीच महिन्यांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज अमदानीतली जन्म-विवाहांची बुके तिथेच राहिली. त्या काळी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्व मागायचे झाले, तर जन्माची नोंद लिस्बनला करून घ्यावी लागते. नोंद पोर्तुगीज भाषेत, पोर्तुगीज अंमलदाराच्या हातची. पण नकलेवर सही भारतीय अधिकाऱ्याची, म्हणून तिच्यावर भारत सरकारचा चौकोन. आपणच लिहिलेली ओळ पोर्तुगाल अशा रीतीने परक्याकडून प्रमाणित करून घेतो!

एवढे ऐकून ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे सर, माझी तारीख चुकलेली असती, तरी हा चौकोन असाच लागला असता?"

"असाच," मी म्हटलं.

तिने दाखला सुलटा केला आणि तारीख, आईचे नाव, बापाचे नाव, सगळे पुन्हा एकदा बोट ठेवून वाचून पाहिले.