संकोचाचा शेवट

सन २०१७ मध्यें इंग्लंडांतील लीड्स शहरीं मासिक पाळीचें साहित्य विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळें कांहीं मुली शाळेस मुकत असल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. ती वाचून लंडनच्या अमिका जॉर्ज या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीनें ‘फ्री पीरियड्स’ ही चळवळ आरंभिली. वर्गांतील मुलास जी अडचण ठाऊकही नाहीं, तिच्यापायीं मुलीचा धडा बुडावा, हा अन्याय होय, असें तिचें म्हणणें होतें. त्याच डिसेंबरांत पंतप्रधानांच्या निवासस्थानाबाहेर लाल वस्त्रें परिधान केलेले शेंकडों तरुण जमले. घरांतही जें कुजबुजून बोललें जाई, तें भर रस्त्यांत उच्चारलें गेलें. अखेर जानेवारी २०२० पासून इंग्लंडच्या सरकारी शाळांतून हें साहित्य विनामूल्य मिळूं लागलें. ऑगस्ट २०२२ पासून स्कॉटलंडांत तर गरजू असेल त्या प्रत्येकीस तें कायद्यानेंच मिळूं लागलें. संकोच सुटला, तेव्हांच न्यायास वाट मिळाली.