रतिरहस्याची एक पोथी व कामशास्त्राचे अध्ययन

मांजरसुंबा (नगरनजीकचा गड नव्हे, बीडच्या दक्षिणेस बालाघाटातील गाव) येथे एका वैद्यघराण्याचे दप्तर पाहण्याचा योग नुकताच आला. एका रुमालात लोलिंबराजाच्या वैद्यजीवनाखाली कोक्कोककृत रतिरहस्याची पोथी निघाली. यजमान संकोचून म्हणाले, “गुरुजी, ही तेवढी यादीत घालू नका. घरात लेकीसुना आहेत.” गावापासून जवळच कपिलधारेस मन्मथस्वामींची समाधी आहे, विरक्त पुरुषाने मदनाचे नाव धारण केले, त्यात या मुलखास कधी वावगे वाटले नाही. मग पूर्वजाने वैद्यकाबरोबर एकत्र बांधलेला ग्रंथ वंशजास लपवावासा का वाटावा, याचा थोडा विचार करणे प्राप्त आहे.

प्रथम, हे शास्त्र अध्ययनाचे होते की नव्हते? वात्स्यायन ग्रंथारंभीच परंपरा देतो. नंदीचे सहस्र अध्याय पौराणिक म्हणून सोडले, तरी श्वेतकेतूने पाचशे व पांचालदेशीय बाभ्रव्याने दीडशे अध्यायांत केलेला संक्षेप, पुढे पाटलिपुत्राच्या गणिकांसाठी दत्तकाने वेगळे काढलेले वैशिक अधिकरण, हा क्रम कोणत्याही शास्त्राच्या गुरुपरंपरेसारखाच दिसतो. विद्यासमुद्देश नामक अध्यायात तर, धर्म व अर्थ यांच्या विद्यांस बाध न आणता हे शास्त्र शिकावे, असे स्पष्टच सांगितले आहे. स्त्रियांस शास्त्रग्रहण नसल्याने त्यांस ते शिकविणे व्यर्थ, हा तेथे पूर्वपक्ष आहे. त्यावर वात्स्यायनाचे उत्तर असे की, प्रयोग त्या जाणतातच, आणि प्रयोगाचे मूळ शास्त्रात असते. शिवाय शास्त्राने बुद्धी संस्कारिलेल्या गणिका, राजकन्या व महामात्रकन्या आहेतच. कन्येस कोणी शिकवावे त्याचीही गणना तेथे आहे: अनुभवी दूधबहीण, सखी, समवयस्क मावशी, विश्वासू वृद्ध दासी, परिचित भिक्षुकी आणि बहीण. यजमानांचा लेकीसुनांविषयीचा प्रश्न असा पूर्वीच विचारात घेतला गेला आहे.

याच ग्रंथातील एक उल्लेख आपल्या प्रांताचा. कुंतल शातकर्णी शातवाहनाच्या हातून कर्तरी नामक प्रहाराने महादेवी मलयवती मृत्यू पावली, असे वात्स्यायन सांगतो. शातवाहनांचे प्रतिष्ठान येथून उत्तरेस, गोदाकाठी. या वाक्यावरून विद्वानांनी वात्स्यायनाच्या काळाची पूर्वमर्यादा ठरविली. आम्हीही वर्षानुवर्षे तेवढ्यापुरतेच ते वापरले. ग्रंथकाराचा हेतू मात्र कालनिर्णयाचा नव्हता. एका देशाचा प्रघात दुसरीकडे लावू नये, आणि जो प्राणास अपायकारक तो त्या देशातही टाळावा, हे सांगण्यास त्याने ही राणी उदाहरणादाखल घेतली. आरोग्याचा हा इशारा आम्हां इतिहासाभ्यासकांच्या नजरेतून निसटला, ही कबुली देणे भाग आहे.

अध्ययनाचा खंड मुसलमानी अमलाने पडला, हे मत आम्हांस ग्राह्य वाटत नाही. कल्याणमल्लाने अनंगरंग रचला तो लोदी कुळातील लाडखानासाठीच. बर्टन व आर्बथनॉट यांचे कामसूत्राचे इंग्रजी भाषांतर १८८३ साली छापले गेले, त्यावर ते केवळ खाजगी वितरणासाठी असल्याचा शिक्का होता. आणि त्या कामी भगवानलाल इंद्रजींसारख्या पंडिताचे साहाय्य होते. शास्त्र छापखान्यात आले ते दार लावून.

ते दार उघडण्याचा यत्न महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केला. धोंडो केशवांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. त्यांच्याच या पुत्रास संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले होते. जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरी दंड चुकला नाही. त्यांच्या ग्रंथाचे ‘आधुनिक कामशास्त्र’ हे नाव जुनेच आहे, प्रमाणे मात्र पाश्चात्त्य शास्त्रांची. वाचकाची शंका जशीच्या तशी पुढे ठेवून तिला सकारण उत्तर द्यावयाचे, ही त्यांची रीत आम्हांस विद्यासमुद्देशाच्या पूर्वपक्षोत्तरपक्षाची सख्खी भावंड वाटते.

विद्यापीठात हा विषय अगदीच नव्हता, असेही म्हणवत नाही. न्यायवैद्यकात ‘कौमार्यलक्षणे’ पढविली जात होती! सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी त्यांस शास्त्रीय आधार नाही, असे साधार दाखविले. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ साली तो भाग अभ्यासक्रमातून काढला. बलात्कारपीडितेची दोन बोटांची चाचणी अभ्यासक्रमातून वगळण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २०२२ मध्ये द्यावा लागला. शास्त्र लपविल्यावर त्याच्या जागी काय शिरते, हे यावरून कळावे. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा केला, तो या दृष्टीने महत्त्वाचा.

पोथीविषयी इतकेच लिहावयाचे राहिले. तिची अखेरची पाने नाहीत. या ग्रंथात औषधयोग शेवटी येतात. तेव्हा वैद्याने तेवढी पाने नित्याच्या उपयोगास वेगळी काढली असावीत, असा आमचा तर्क आहे. कांचीनाथाच्या दीपिका टीकेसह पूर्ण प्रत कोणा संग्राहकांपाशी असल्यास पाठ ताडून पाहता येईल. तिलाही यादीबाहेर ठेविले असेल, तर कृपा करून बाहेर काढावी. आमच्या यादीत ती आली आहे. यजमानांची सून परिचारिका असून, उरलेले पत्रे तिनेच मोजून दिले.