कुत्र्यामागे किती? मालाडच्या कोंडवाड्यापासून मागे जाणारा एक हिशेब

मालाड पश्चिमेला एव्हरशाईन नगरात महापालिकेचा कोंडवाडा आहे. त्याचं मूळ काम म्हणजे रस्त्यावरची मोकाट गुरं आणून ठेवणं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथेच कुत्री-मांजरींसारख्या लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू झाली. सेवा मोफत. म्हणजे मालाडमध्ये घरचं मांजर गेलं, तर त्याला निरोप द्यायचा खर्च महापालिका करते. पण तेच मांजर जिवंत असताना त्याची नसबंदी करायची, तर जबाबदारी मालकाची. २००१ च्या केंद्रीय नियमांत पाळीव कुत्र्यांबाबत तसं लिहिलेलं होतं आणि २०२३ च्या नियमांतही पाळीव प्राण्यांची नसबंदी मालकाकडेच आहे. सार्वजनिक पैसा जातो तो रस्त्यावरच्या कुत्र्याकडे.

हे असं का, याचं उत्तर प्राणिशास्त्रात सापडत नाही. ते जुन्या हिशेबांत सापडतं.

१८३२ सालची मुंबई घ्या. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम चालवली होती आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायाला आठ आणे मिळायचे. आता आठ आणे मिळणार असतील तर शिपाई पिसाळलेलं कुत्रं शोधत कशाला बसेल? जे हाताशी लागलं ते मारलं जाऊ लागलं, पाळलेलीसुद्धा. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. त्यामुळे ६ जून १८३२ ला पारशी लोक रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. इतिहासात हा ‘मुंबईचा कुत्र्यांचा दंगा’ म्हणून नोंदलेला आहे. बहुतेक अभ्यासक त्याच्याकडे धर्म आणि वसाहतवादाच्या अंगाने बघतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र ते आठ आणे जास्त बोलके वाटतात. सरकारला हवी होती रोगापासून सुटका, पण पैसे मोजले जात होते मेलेल्या कुत्र्याचे. या दोन गोष्टी एक नव्हेत.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. ती व्यापाऱ्यांच्या पैशातून. इथे एक वाटणी झालेली दिसते: दयेचा खर्च समाजाने करायचा, भीतीचा खर्च सरकारने. ही वाटणी पुढे फार काळ टिकली. विसाव्या शतकातही महापालिका कुत्री पकडून मारतच होती, महालक्ष्मीच्या कोंडवाड्यात विजेचा धक्का देऊन. १९९४ मध्ये हे थांबलं आणि संस्थांच्या मदतीने नसबंदी सुरू झाली. १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पद्धतीला चौकट दिली, आणि डिसेंबर २००१ मध्ये देशभरासाठी नियम आले. (डिसेंबर २००८ मध्ये याच न्यायालयाने बहुमताने मारण्याची वाट पुन्हा थोडी मोकळी केली होती; पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.)

धोरण पूर्ण उलटं झालं, पण हिशेबाचं एकक बदललं नाही. २००१ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेने नसबंदी करणाऱ्या संस्थेला दर पंधरवड्याला खर्च द्यायचा, किती शस्त्रक्रिया झाल्या त्यावर. म्हणजे पुन्हा कुत्र्यामागे अमुक रुपये. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या जुन्या योजनेत हा दर ४४५ रुपये होता: ३७० शस्त्रक्रिया, औषधं, लस आणि देखभालीचे, ७५ पकडून परत सोडण्याचे. खोटी बिलं लागू नयेत म्हणून काढलेले अवयव मोजायचे. शस्त्रक्रिया झाली याची रस्त्यावरची पावती म्हणजे कानाची खाच.

त्या ७५ रुपयांवर जरा थांबा. गल्लीत झोपलेला ओळखीचा कुत्रा पाच मिनिटांत हाती लागतो. बांधकामाच्या पत्र्यामागे पिल्लं घालणारी बुजरी कुत्री चार फेऱ्या मारूनही सापडत नाही. दर दोघांना सारखाच. संख्येच्या दृष्टीने महत्त्वाची तर तीच कुत्री. एखाद्या वस्तीतल्या बहुतेक माद्यांची नसबंदी झाली तरच तिथली पैदास आटते. तेवढ्याच शस्त्रक्रिया कुरारपासून मढपर्यंत विखरून केल्या तर फारसा फरक पडत नाही. बिलात मात्र दोन्हीची रक्कम एकच येते. यात संस्थांवर आरोप नाही. मालाडमध्ये ‘अहिंसा’सारखी संस्था वर्षानुवर्षं हे काम करत आली आहे, तेही तुटपुंज्या दरात. अडचण आहे ती एककाची.

(कुरार, आप्पा पाड्याच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते, तिथे संख्येवर परिणाम करणारा बिबट्याही आहे. त्याला निविदा लागत नाही. तो वेगळा विषय.)

मुंबईत २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री होती, २०२४ च्या पाहणीत सुमारे ९१ हजार. दहा वर्षांत एवढीच घट. हे यश की अपयश? नुसत्या शस्त्रक्रियांच्या आकड्यांवरून सांगता येत नाही, कारण ते बिलासाठी ठेवलेले आहेत. किती झाल्या हे त्यांत असतं. कोणत्या गल्लीत, शंभरातल्या किती माद्यांच्या, हे त्यावरून कळत नाही.

या विषयावर कुणी प्रस्ताव लिहीत असाल तर आकडा हातात आल्यावर आधी बघा, तो कोणाला पैसे मिळावेत म्हणून मोजला गेला. नुसती एकूण बेरीज मागू नका. पकडल्याची जागा, नर की मादी आणि तारीख, एवढे तरी रकाने मागा. आणि मालाडपुरता इतिहास करायचा असेल तर एक लक्षात ठेवा: मालाड बृहन्मुंबईत आलं ते १९५७ मध्ये. त्याआधीची इथली कुत्री मुंबई महापालिकेच्या दप्तरात शोधलीत तर महिने जातील. मालाडची तेव्हा स्वतःची नगरपालिका होती.