नाव ठरतं तिथे आपण असतो का?

मत द्यायला आपण सगळ्या जातो. पण यंत्रावर कुणाचं नाव असणार, ते त्याआधीच ठरलेलं असतं. ते कोण ठरवतं, असा प्रश्न आमच्या गटात निघाला. त्यावरून आज अमेरिकेतली एक हकिकत सांगतो.

तिथे मोठे पक्ष राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार अधिवेशनात ठरवतात. राज्याराज्यांतून प्रतिनिधी येतात आणि मत देतात. पूर्वी हे प्रतिनिधी बहुतेक ठिकाणी पुढारीच नेमत.

मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमर राहायच्या. वीस भावंडांतल्या धाकट्या, दुसऱ्याच्या मळ्यात कापूस वेचणाऱ्या. १९६२ साली त्या मतदार यादीत नाव घालायला गेल्या. त्याच दिवशी मालकाने मळ्यातून हाकललं. तिथे त्यांनी १८ वर्षं राबून काढली होती. पुढच्या वर्षी तुरुंगात त्यांना बेदम मारलं.

तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षात काळ्या वर्णाच्या लोकांना शिरकाव नव्हता. म्हणून त्यांनी १९६४ साली वेगळा पक्ष काढला, आपले प्रतिनिधी निवडले आणि अटलांटिक सिटीच्या अधिवेशनाला गेले. हेमरबाईंनी समितीपुढे सगळी कहाणी सांगितली. लोकांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार बोलावले. पण रात्री टीव्हीवर बाईंचं बोलणं देशाने ऐकलंच. पक्षाने दोन जागा देऊ केल्या. त्यांवर कोण बसणार, तेही पक्षच सांगणार! त्यांनी त्या नाकारल्या.

१९६८ साली शिकागोच्या अधिवेशनात हेमरबाई रीतसर प्रतिनिधी म्हणून बसल्या. पण तिथे उमेदवारी मिळाली हंफ्री यांना, आणि त्यांनी राज्यांतली एकही प्राथमिक निवडणूक लढवलेली नव्हती. त्यावरून फार असंतोष झाला. मग पक्षाने नियम बदलले. प्रतिनिधी उघडपणे निवडायचे, बायकांना आणि तरुणांनाही वाटा द्यायचा. प्रतिनिधींत बाया १९६८ मध्ये शंभरात सुमारे १३ होत्या. १९७२ मध्ये ४० झाल्या. त्याच वर्षी शर्ली चिशम या काळ्या वर्णाच्या बाईंनी उमेदवारी मागितली. मिळाली नाही, पण मागता आली.

आपल्याकडे जागा बाईसाठी राखीव होते. नाव मात्र बऱ्याचदा पारावर ठरतं. पुढच्या वेळी त्या बैठकीला आपण जाऊ या. बोलावणं आलं नाही तरी, आणि एकटीदुकटी नको, गटाने.