पोथी लावणाऱ्या गावात कादंबरी

मोहोळ परिसरात चारचौघांनी बसून एकच ग्रंथ वाचण्याची रीत कादंबरीपेक्षा फार जुनी आहे. तिला पोथी लावणे म्हणतात. मोहोळ आणि वडवळ ही नागेश संप्रदायाची ठाणी, पंढरपूरही फार लांब नाही. ज्यांच्या पोथ्या घरोघर लागल्या ते श्रीधरस्वामी तर याच सोलापूर जिल्ह्यातले, सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे. त्यांचा ‘हरिविजय’ 1702चा, ‘पांडवप्रताप’ 1712चा.

चातुर्मासात रात्रीची जेवणे उरकली की देवळात किंवा एखाद्याच्या वाड्यात माणसे जमत. पोथी म्हणजे न शिवलेली लांबट पाने. लाल फडके सोडून ती चौरंगावर ठेवायची. एक जण चालीवर ओवी म्हणून थांबे, दुसरा तिचा अर्थ रोजच्या बोलीत सांगे. त्यामुळे गावात वाचता येणारा एखादाच असला तरी अडत नसे. कंस मरणार, पांडव जिंकणार, हे लहान पोरालाही ठाऊक असे. पुढे काय होते हा प्रश्नच नव्हता. धर्मराज जाणता असून द्यूताला का बसला, कुंतीने कर्णाला आधीच का सांगितले नाही, असल्या गोष्टींवर अध्याय संपल्यावरही बोलणे चाले. अर्थ सांगणाऱ्याला अडवणारा श्रोताही एखादा असेच. मराठी साहित्यचर्चेच्या इतिहासात या बैठकीची दखल सहसा घेतली जात नाही; ती घ्यायला हवी.

मोहोळला रेल्वे 1860 मध्ये आली; छापील मराठी कादंबरीचा काळही साधारण तोच. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ त्याआधी तीन वर्षे, आणि लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ रेल्वेच्या पुढच्याच वर्षी निघाली. शेवट ठाऊक नसलेली गोष्ट वाचण्याची चटक अशा पुस्तकांनी लावली. 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ सुरू झाले आणि पुढच्या प्रकरणासाठी वाचक आठवडाभर वाट पाहू लागला. विसाव्या शतकात बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनी ही उत्कंठा टोकाला नेली. झुंजार आणि काळा पहाड यांची ती छोटी पुस्तके एकट्याने, एका बैठकीत संपवायची होती. गुन्हेगार सापडला की त्यांत बोलण्यासारखे फारसे उरत नसे.

1966 मध्ये आलेली चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ वेगळ्या जातीची. परशुरामतात्याला समुद्रकाठच्या गुहेत कोंडुरास्वामी भेटतात. हा साक्षात्कार, की त्याच्याच मनाने रचलेला भास? याचा सरळ निवाडा लेखक हातात देत नाही, आणि कादंबरीची कला नेमकी इथेच आहे. इथले गूढ अर्थाचे आहे, म्हणून ती एकट्याने वाचून पुरत नाही. दुसऱ्याने काय वाचले, हे ऐकावेसे वाटतेच. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना, म्हणजे अशा चर्चेच्या जागांना, सरकारी अनुदानाचा आधार मिळाला.

अशी कादंबरी वाचकगटात घेताना पोथीचीच रीत सोयीची पडते. उतारा मोठ्याने वाचावा, थांबावे, मग ज्याने त्याने आपला अर्थ सांगावा. शेवट कुणी आधीच फोडला तरी बिघडत नाही.